शेरखानचे घर कुठे होते?

'जंजीर' १९७३ साली पडद्यावर आला. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना अमिताभचा विजय आवडला, पण चालण्याबोलण्याची नक्कल झाली ती प्राणच्या शेरखानची. लालसर दाढी, छाती काढून चालणे, दिल्या शब्दाला जागणे. पोलीस ठाण्यात विजय खुर्ची लाथाडून त्याचा पाणउतारा करतो. मग वर्दी उतरवून त्याच्या वस्तीत एकटा येतो. दोघे झुंजतात आणि दोस्त होतात. शेरखान जुगाराचा धंदा सोडून मोटारी दुरुस्त करू लागतो. मन्ना डे यांच्या आवाजातले त्याचे यारीचे गाणे आमच्याकडच्या लग्नांत अजून वाजते.

शेरखानवरचे आमचे हे प्रेम खोटे नव्हते. पण आज मागे वळून पाहताना एक साधा प्रश्न पडतो. विजयचे काम आटोपल्यावर शेरखान जातो कुठे? त्याची आई, बायको, मुले यांपैकी कोणी पडद्यावर येत नाही. त्याला स्वतःसाठी काय हवे आहे, हेही कळत नाही. दोस्तासाठी जीव द्यायला तयार असणे एवढीच त्याची ओळख, आणि तेवढीच त्याची कथेतली कमाई.

'शोले'तले (१९७५) इमामसाहेब याच घडणीचे. ए. के. हंगल यांनी ते काम इतके जीव ओतून केले, की अहमदच्या मय्यतीचा प्रसंग पाहताना आजही घसा दाटतो. आंधळ्या बापाचा एकुलता मुलगा मारला जातो, आणि गावासाठी कुर्बान करायला आणखी मुलगे का दिले नाहीस, असे आपण खुदाला विचारू, असे तो बाप सांगतो. प्रसंग थोर आहे. तरी त्या बापाला नुसते रडायची, रागवायची, गावाला दोष द्यायची मुभा कथेने दिलेली नाही. त्याच्या दुःखालाही इतरांच्या कामी यावे लागते.

हा साचा परक्यांनी आपल्यावर लादला, असे म्हणून आपली सुटका होत नाही. दोन्ही पटकथा सलीम-जावेद यांच्या आहेत.

आमची परंपरा मात्र अशी नव्हती. 'दास्तान-ए-अमीर हमजा'तला अमर अय्यार आठवून पाहा. नवलकिशोर छापखान्याने या दास्तानचे ४६ खंड काढले. त्यांत हमजा शूर, दिलदार आणि नेक आहे. त्याचा बालमित्र अमर लोभी, कंजूष आणि मुलखाचा ठक. दुनियेतली वाटेल ती चीज त्याच्या झंबीलमध्ये, म्हणजे जादूच्या थैलीत मावते, आणि तरी एका नाण्यासाठी तो हुज्जत घालतो. जीव धोक्यात घालायची वेळ आली की आधी मोबदला विचारतो. हमजावर त्याचे प्रेम आहेच, पण ते स्वतःची हाव शाबूत ठेवून. म्हणून ऐकणारे हमजाला मान देत आणि वाट पाहत अमरची.

इब्ने सफींनी हेच सूत्र विसाव्या शतकात आणले. १९५२ साली सुरू झालेल्या 'जासूसी दुनिया'त कर्नल फरीदी हा पोलादी शिस्तीचा माणूस. त्याचा सहकारी कॅप्टन हमीद आळशी, आशिकमिजाज, वरिष्ठाला तोंडावर टोमणे मारणारा. तो चक्क बकरा पाळतो! आमच्या घरातली वडीलधारी माणसे या कादंबऱ्या उशीखाली ठेवत. गुन्हेगार कोण होता हे ती कधीच विसरली, हमीदचे किस्से मात्र सांगत राहिली. फरीदी नसला तरी हमीदचे आयुष्य चालू राहील, अशी वाचकाची खात्री असते. मराठीत चिं. वि. जोशींचा गुंड्याभाऊ असाच. चिमणरावाच्या पाठीशी तो उभा राहतो, पण आपला तापटपणा घरी ठेवून येत नाही.

आमच्या मते सोबत्याची कसोटी हीच. निष्ठा हा त्याचा गुण खरा, पण निष्ठेच्या पलीकडे त्याच्याजवळ काही उरते का, ते पाहावे. हाव, आळस, राग, विनोद, काहीही चालेल. काहीच उरत नसेल, तर तो माणूस नव्हे, प्रशस्तिपत्रक आहे.

'सरफरोश'मधला (१९९९) इन्स्पेक्टर सलीम या कसोटीला निम्मा उतरतो. मुकेश ऋषींनी तो संयमाने उभा केला आहे. तपासातून बाजूला काढले जाण्यामागे आपला धर्म आहे, हे त्याला बोचते. तो ते मनात ठेवत नाही, बोलून दाखवतो. शेरखान कधी असे बोलला नसता. मात्र पुढे सलीमही तपासात परततो आणि आपली निष्ठा सिद्ध करतो. परीक्षा त्यालाही चुकत नाही.

आता आपल्या लेखणीकडे वळू. हमीद दलवाईंच्या विचारांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, 'इंधन'मध्ये (१९६५) त्यांनी कोकणातला मुसलमान कथेच्या मध्यभागी आणला, तोही त्याच्या उणिवांसह. त्या वाटेवर आपण किती चाललो? आपल्या कथांतला रहीमचाचा अजूनही दंगलीत शेजाऱ्याचे मूल वाचवतो आणि शेवटच्या परिच्छेदात मरतो. असे रहीमचाचा प्रत्यक्षात असतात, हे आम्ही जाणतो. पण त्यांची भावाशी जमिनीवरून तक्रार असते, उधारी थकलेली असते, चहात साखर कमी पडली की ते चिडतात. हे लिहिताना आपला हात अडखळतो, कारण कोणीतरी आपल्याकडे चांगुलपणाचा दाखला मागते आहे, असे आपल्याला सतत वाटत असते.

तो दाखला देणे हे साहित्याचे काम नाही. आपल्या तरुण लेखकांना आमचे एवढेच सांगणे आहे: विजयला निरोप देऊन शेरखान रात्री गल्लीत वळेल, तेव्हा त्याच्या मागोमाग जा. दार कोण उघडते ते पाहा. उशीर का झाला म्हणून ती त्याला काय काय सुनावते, ते लिहा.