‘सति’चे मराठी रूप : स्मृती, सजगता, भान आणि लक्ष

ध्यानाभ्यास दैनंदिन जीवनात कसा उतरवावा, याविषयी मराठीत अलीकडे पुष्कळ लेखन होत आहे. मूळ पालि संज्ञा ‘सति’, तिचे इंग्रजी भाषांतर ‘माइंडफुलनेस’ आणि या इंग्रजी शब्दाचे मराठीकरण ‘सजगता’, असा या लेखनातील मध्यवर्ती संज्ञेचा प्रवास आहे. दोन भाषांतरांच्या चाळणीतून आलेल्या या शब्दात मूळ अर्थाचा कोणता अंश उरला आणि कोणता गळाला, याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. साधकाने नेमके काय करावयाचे, हे त्याला शब्दच सांगतो. शब्द अपुरा असेल तर साधनाही अपुरी समजली जाते.

प्रथम मूळ संज्ञा पाहू. ‘सति’ हे संस्कृत ‘स्मृति’ शब्दाचे पालि रूप. स्मृ धातूचा अर्थ आठवणे. पालि वाङ्मयात मात्र ‘सति’चा अर्थ गतकाळाच्या आठवणीपुरता मर्यादित राहिला नाही. मज्झिमनिकायातील दहाव्या सुत्तात, म्हणजे सतिपट्ठानसुत्तात, काय, वेदना, चित्त आणि धम्म ही सतीची चार अधिष्ठाने सांगितली आहेत. दीघनिकायातील बाविसावे सुत्त याच विषयाचा विस्तार करते. यांतील कायानुपस्सनेचा एक भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पुढे जाणे, मागे वळणे, पाहणे, हात आखडणे व पसरणे, चीवर व पात्र धारण करणे, खाणे, पिणे, चावणे, मलमूत्रविसर्जन, निजणे, जागे होणे, बोलणे आणि मौन पाळणे, या सर्व क्रिया भिक्षूने जाणून कराव्यात, असे तेथे सांगितले आहे. या जाणतेपणाला ‘सम्पजञ्ञ’ ही स्वतंत्र संज्ञा आहे व ती सतीच्या जोडीनेच येते. दैनंदिन जीवनातील ध्यान ही आधुनिकांनी काढलेली पळवाट आहे, अशी समजूत त्यामुळे टिकत नाही.

सतीचे लक्षण उत्तरकालीन ग्रंथकारांनी दृष्टांतांनी स्पष्ट केले आहे. मिलिन्दपञ्हात नागसेन सतीची तुलना राजाच्या भांडाऱ्याशी करतो. भांडारी ज्याप्रमाणे राजाला सकाळ-संध्याकाळ त्याच्या संपत्तीची आठवण करून देतो, त्याप्रमाणे सति चित्ताला कुशल काय व अकुशल काय याची आठवण देते. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाने न विसरणे हे सतीचे कार्य मानले असून चक्षू आदी द्वारांचे रक्षण करणाऱ्या द्वारपालाची उपमा तिला दिली आहे. सारांश, सतीच्या अर्थाला तीन अंगे आहेत : विषयावर मन लावणे, ते राखणे आणि हितकर गोष्टीचा विसर पडू न देणे.

टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘सम्मासति’साठी ‘माइंडफुलनेस’ या शब्दाची योजना केली, तेव्हा त्या इंग्रजी शब्दात ‘मनात वागविणे’ हा अर्थ होता. म्हणजे स्मृतीचा अंश पूर्णपणे लोपला नव्हता. पुढे १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला. हेतुपूर्वक, वर्तमान क्षणाकडे आणि बरेवाईट न ठरविता दिलेले अवधान, ही व्याख्या त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. रुग्णाच्या दृष्टीने तिची उपयुक्तता वादातीत मानली, तरी भांडारी आणि द्वारपाल या दोघांनाही तिच्यात जागा नाही. द्वारपालाने बरेवाईट ठरवावयाचे नाही, तर कोणाला आत घ्यावे हे त्याने कसे जाणावे? २०११ साली ‘कंटेम्पररी बुद्धिझम’ या नियतकालिकाच्या विशेषांकात रूपर्ट गेथिन, भिक्खू बोधी आदी अभ्यासकांनी या व्याख्येची जी तपासणी केली, तिचा रोख बव्हंशी याच त्रुटीकडे होता.

आता मराठी प्रतिशब्दांकडे वळू. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी बौद्ध साधनेची परिभाषा मराठीत आणली ती संस्कृत रूपानेच, आणि ‘सम्यक् स्मृती’ हा प्रयोग आजही अष्टांगिक मार्गाच्या विवरणात रूढ आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु मराठीत ‘स्मृती’ म्हणजे एक तर गतगोष्टीची आठवण, नाही तर धर्मशास्त्राचा ग्रंथ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर या दुसऱ्या अर्थाला महाराष्ट्रात जी धार आली, ती १९५६ नंतरच्या बौद्ध वाचकाला विसरता येणे शक्य नाही. समासात किंवा ‘सम्यक्’ या विशेषणाच्या आधाराने हा शब्द निभावतो. एकटा उभा राहिला की त्याचा अर्थ ढळतो.

‘अवधान’ हा शब्द मराठीत प्राचीन व प्रतिष्ठित आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले आहे ते अवधानच. परंतु तेथे तो वक्ता आणि श्रोता यांच्यातील व्यवहार आहे. शिवाय मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी हा शब्द एका विशिष्ट बोधनप्रक्रियेसाठी राखून ठेवला आहे, आणि ‘अष्टावधानी’ या शब्दात तर एकाच वेळी अनेक व्यवधाने सांभाळण्याचे कौतुक आहे. ‘सावध’ या शब्दात रक्षणाचा अंश आहे, पण त्याबरोबर धोक्याची सूचनाही आहे. घास चावताना सावध राहा, असे सांगितले तर ऐकणारा घासात खडा शोधू लागेल.

‘सजगता’ हा शब्द हिंदीच्या संपर्काने मराठीत स्थिरावला. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे १९६९ साली म्यानमारहून भारतात आले व विपश्यना शिकवू लागले. १९७६ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. त्यांची प्रवचने मुख्यतः हिंदीत व इंग्रजीत असल्याने हिंदी परिभाषा मराठी साधकांच्या तोंडी रुळणे स्वाभाविकच होते. या शब्दाविरुद्ध आक्षेप परकेपणाचा नाही, व्याकरणाचा आहे. ‘सजगता’ हे विशेषणावरून साधलेले गुणवाचक नाम होय. त्याला कर्माची अपेक्षा नाही. मनुष्य नुसताच सजग असू शकतो. सति मात्र नेहमी कशाची तरी असते : कायेची, वेदनेची, श्वासाची. सुत्तातील क्रियापदही ‘उपस्थित करणे’ या अर्थाचे आहे. जी गोष्ट आणून उभी करावयाची, तिला ‘सजगता’ हा शब्द अंगी असलेल्या गुणाचे रूप देतो.

‘भान’ हा शब्द त्याहून समर्थ दिसतो, कारण त्याला षष्ठीने विषय जोडता येतो : वेळेचे भान, परिस्थितीचे भान. तथापि दोन अडचणी आहेत. भान कोणी ‘देत’ नाही. ते असते, राहते, सुटते. म्हणजे ती अनुभवणाऱ्याची अवस्था आहे, कर्त्याची क्रिया नव्हे. दुसरी अडचण सांस्कृतिक आहे. मराठी भक्तिपरंपरेत देहभान हरपणे ही परमावधी मानली जाते. याउलट पालि परंपरेत ‘मुट्ठस्सति’, म्हणजे ज्याची सति हरपली आहे तो, हे निंदावचन आहे. कीर्तनरंगाने घडलेल्या श्रोत्याला भान राखण्याचा उपदेश कोरडा वाटण्याचा संभव असतो.

राहिला ‘लक्ष’ हा शब्द. अतिपरिचयामुळे परिभाषाकारांनी त्याची उपेक्षा केली आहे. वास्तविक त्याच्या प्रयोगांत सतीची तिन्ही अंगे सापडतात. ‘लक्ष देणे’ म्हणजे मन लावणे. ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे राखण करणे; हा बुद्धघोषाचा द्वारपाल होय. आणि त्याच नामाला सप्तमीचा प्रत्यय लावताच ‘लक्षात ठेवणे’, म्हणजे न विसरणे. हा नागसेनाचा भांडारी. केवळ एका विभक्तिप्रत्ययाने अवधानाचे स्मरण होते. ‘ध्यान देणे’ व ‘ध्यानात ठेवणे’ या जोडीतही हेच घडते. म्हणजे अवधान आणि स्मरण यांची जी जवळीक सिद्ध करण्यासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांना दीर्घ विवेचन करावे लागते, ती मराठी बोलणाऱ्याच्या जिभेवर आधीच आहे. भानाची उणीवही येथे भरून निघते : ‘मी लक्ष देतो’ यात कर्तृत्व आहे, तर ‘माझ्या लक्षात राहते’ यात अनुभव आहे; अभ्यास आणि त्याचे फळ या दोहोंची सोय एकाच शब्दात होते. ‘दुर्लक्ष’ हा विरुद्धार्थी शब्दही तयार आहे.

या शब्दावर दोन आक्षेप संभवतात. ‘लक्ष’ म्हणजे नेम किंवा उद्दिष्ट असाही अर्थ आहे, हा पहिला. परंतु त्या अर्थी आज ‘लक्ष्य’ हे वेगळे रूप रूढ आहे, आणि ‘देणे’, ‘ठेवणे’ या क्रियापदांच्या सहवासात संदिग्धता उरत नाही. शब्द फार सामान्य, शाळेच्या वर्गातला आहे, हा दुसरा. तो खरा आहे; पण ज्या सुत्ताने खाणे, चावणे आणि मलमूत्रविसर्जनही साधनेच्या कक्षेत घेतले, त्याला शब्दाच्या सामान्यपणाचे वावडे असण्याचे कारण नाही.

यावरून ‘सजगता’ हा शब्द बहिष्कृत करावा, असा निष्कर्ष निघत नाही. रुग्णोपचाराच्या संदर्भात, जेथे व्याख्याच मर्यादित आहे, तेथे तो पुरेसा आहे. ग्रंथचिकित्सेत ‘सति’ हीच संज्ञा कायम ठेवणे श्रेयस्कर. साधनेच्या सूचनांमध्ये मात्र भाववाचक नामांऐवजी ‘लक्ष’ शब्दाचे क्रियापदयुक्त प्रयोग योजावेत. ‘श्वासाविषयी सजगता बाळगा’ आणि ‘श्वासाकडे लक्ष ठेवा’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्या वाक्याने ऐकणारा एखादा गुण स्वतःच्या ठायी आहे की नाही हे तपासू लागतो. दुसऱ्याने तो श्वासाकडे वळतो. साधनेच्या भाषेची पारख अखेर याच फरकावर झाली पाहिजे.