महाराणी ताराबाई : मूल्यमापनाची दोन मापे

मराठ्यांच्या इतिहासातील कर्तबगार स्त्रियांचा परामर्श घेताना जिजाबाई व अहिल्याबाई होळकर यांच्याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत आढळत नाही. महाराणी ताराबाईंच्या (१६७५-१७६१) बाबतीत मात्र इतिहासलेखनाने एकाच चरित्राचे दोन तुकडे केले आहेत. १७०७ पूर्वीच्या ताराबाई 'रणरागिणी' आणि त्यानंतरच्या त्याच ताराबाई 'सत्तालोलुप' ठरतात. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा केली आहे.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. हंबीरराव मोहिते यांच्या या कन्येने पंचविशीत अल्पवयीन पुत्रास गादीवर बसवून कारभार हाती घेतला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड हे किल्ले औरंगजेबाने एकामागून एक घेतले. परंतु बादशहा वेढ्यांत गुंतला असता मराठी फौजा माळवा-गुजरातेत शिरल्या. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी रतनपूर येथे मोगलांचा पराभव केला. खाफीखानासारख्या प्रतिपक्षाच्या इतिहासकारानेही ताराबाईंच्या बुद्धीची व कारभारातील जाणतेपणाची नोंद केली आहे.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि वारशाचा प्रश्न उभा राहिला. थोरल्या महाराजांचे राज्य संभाजी महाराजांच्या पश्चात गेले, राजारामांनी ते पुन्हा उभे केले, म्हणून त्यावर राजारामपुत्राचा हक्क, ही ताराबाईंची भूमिका होती. ती मान्य करावी असे नाही. पण तो एक राजकीय युक्तिवाद होता. त्यास 'सवतीमत्सर' किंवा 'स्त्रीहट्ट' म्हणून मोडीत काढणे हे इतिहासलेखन नव्हे. १७०९ च्या सुमारास दोन्ही पक्ष बहादूरशहाकडे सनदा मागत होते. शाहूंच्या बाबतीत तीच कृती मुत्सद्देगिरी ठरते, हे विसरता येत नाही.

याचा अर्थ त्यांच्या उत्तरायुष्यावर पांघरूण घालावे असा नाही. ज्या रामराजास नातू म्हणून पुढे आणले, त्यालाच १७५० मध्ये त्यांनी साताऱ्यास कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस शपथपूर्वक तो आपला नातू नव्हे असे सांगितले. या घटनेचे समर्थन करणे कठीण आहे. मात्र पंचाहत्तरीतील एक स्त्री पेशव्यांच्या वाढत्या सत्तेस छत्रपतींच्या गादीवरून आव्हान देत होती, हा त्यामागील संदर्भ गाळला की उरतो तो केवळ म्हातारीचा हेकटपणा. डॉ. आप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेली 'ताराबाईकालीन कागदपत्रे' शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केल्यानंतरही क्रमिक पुस्तकांत हेच चित्र टिकून राहावे, हे खेदजनक आहे.

पन्हाळ्यावर ताराबाईंनी उभ्या केलेल्या राज्यात १७१४ मध्ये सत्तांतर झाले. राजसबाईंचे पुत्र संभाजी (दुसरे) गादीवर आले आणि ताराबाई कैदेत पडल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने शाहूंनी या राज्यास मान्यता दिली व वारणा नदी ही सीमा ठरली. तह झाला संभाजी व शाहू यांच्यात. राज्याच्या संस्थापिका त्या वेळी साताऱ्यास शाहूंच्या नजरेखाली होत्या.