डाग, व्रण आणि पूर्ववृत्त

पात्राला संहितेबाहेर काही आयुष्य असते काय, हा प्रश्न समीक्षेने एकेकाळी जवळजवळ निकालात काढला होता. ए. सी. ब्रॅडली यांच्या ‘शेक्सपिअरियन ट्रॅजेडी’ने (१९०४) पात्रांकडे हाडामांसाची माणसे म्हणून पाहण्याची सवय दृढ केली. लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारून एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये या सवयीची खिल्ली उडवली. नाटक ही शब्दांची रचना आहे. त्या शब्दांपलीकडे पात्राचे खाजगी आयुष्य शोधणे म्हणजे समीक्षा सोडून कल्पनाविलासात शिरणे होय, हा त्यांच्या भूमिकेचा मथितार्थ. परंतु ज्या पात्राला अद्याप संहिताच नाही, त्याच्या बाबतीत हा निर्बंध कसा लागू करावयाचा?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि ‘रोल-प्लेइंग’ हा क्रीडाप्रकार रूढ झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो, एकजण सूत्रधार होतो आणि कथा सर्वांच्या संभाषणातून व फाशांच्या दानातून घडत जाते. मूळ नियमांत शक्ती, बुद्धी, चापल्य अशा सहा गुणांचे आकडे प्रत्येकी तीन फाशांच्या बेरजेने ठरत. आकडे क्षमता सांगतात. व्यक्ती सांगत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक खेळाडू आपल्या पात्राचे चित्र काढतात आणि त्याचे पूर्ववृत्त रचतात. या दोहोंत आधी काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पात्रनिर्मितीचे मर्म मात्र तेथेच आहे.

चित्र मार्करने रंगवले जात असेल, तर साधनही या प्रश्नात हस्तक्षेप करते. १९८७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘कॉपिक’सारख्या मार्करांत अल्कोहोलयुक्त शाई असते. ती लवकर वाळते, कागदात मुरते, दुसरा थर दिल्यास पहिल्यात मिसळते. फिक्याकडून गडदाकडे जावे लागते. परतीची वाट जवळजवळ नसते. समजा, एका वनरक्षक स्त्रीचे चित्र रंगवताना केसांचा तपकिरी रंग गालावर पसरला. तो पुसता येत नाही. त्याला कारण तेवढे देता येते. डागाचा भाजल्याचा व्रण होतो आणि व्रणामागोमाग आग, जळालेले घर, वाचवता न आलेले कोणीतरी येते. निर्मात्याचा हेतू रेषेच्या आधी असतो, हे गृहीतक येथे टिकत नाही. हेतू रेषेमागून येतो आणि आपण आधीपासूनच होतो, असा आव आणतो.

अर्थात, असे प्रत्येक पूर्ववृत्त खेळात जिवंत राहतेच असे नाही. आगीचे कारण, अपराधी आणि सूड हे सारे आधीच सांगून टाकले, तर सहखेळाडूंना केवळ श्रोते व्हावे लागते. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या खेळाने यावर कठोर उपाय योजला: तेथे पात्राचे पूर्वायुष्य फासे ठरवत आणि मूळ नियमांनुसार खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्राचा मृत्यूही होऊ शकत असे. फासा काय आणि ओघळलेली शाई काय, दोन्ही निर्मात्यापुढे त्याने न इच्छिलेले काही आणून ठेवतात. भेद इतकाच की, फासा सर्वांसमक्ष पडतो, तर डागाचा अर्थ एकट्याने लावलेला असतो. तो खेळात इतरांच्या स्वाधीन करावा लागतो.

भूतकाळाच्या चित्राची ही शक्ती भवभूतीने ओळखली होती. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम-सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. ते दर्शन स्मरणापाशी थांबत नाही. सीतेला पुन्हा अरण्यात जाण्याची इच्छा होते आणि तीच इच्छा तिच्या त्यागाला निमित्त पुरवते. चित्रातील भूतकाळ पुढील कृतीचे बीज होतो.

रंगवलेल्या वनरक्षक स्त्रीच्या व्रणाची कसोटीही हीच. तो कशाचा, असे कोणी सहखेळाडू विचारील आणि उत्तर देताना तिच्या निर्मात्यालाही काही नवे कळेल, तेव्हाच ती पात्र होईल. तोवर ती केवळ चित्र आहे. नाइट्स यांच्या प्रश्नातील उपरोध येथे गळून पडतो. संहितेत उत्तर नसलेला प्रश्न शेक्सपिअरच्या समीक्षकाला निरर्थक वाटेल. या खेळात मात्र संहिता त्या प्रश्नापासूनच सुरू होते.