वेड्यावाकड्या ओळींतला राग

इंग्रजी काव्याच्या इतिहासात टॉमस स्टर्नहोल्ड आणि जॉन हॉपकिन्स ही नावे बहुधा चेष्टेपुरतीच येतात. अठराव्या शतकात टॉमस वॉर्टनने आपल्या इतिहासग्रंथात त्यांच्या पद्याची हेटाळणी केली, आणि त्यांना हसणे हा पुढे समीक्षकांचा शिष्टाचारच होऊन बसला. मला हा निकाल मान्य नाही. तो पुस्तक डोळ्यांसमोर धरून दिलेला आहे आणि ही पदे गळ्यासाठी होती.

स्टर्नहोल्ड हा राजाच्या वस्त्रागारातला सेवक. आधी आठव्या हेन्रीच्या, मग सहाव्या एडवर्डच्या पदरी. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली काही स्तोत्रे त्याने पद्यात आणली आणि १५४९ साली तो वारला. हॉपकिन्सने त्यांत भर घातली. मेरी राणीच्या राजवटीत जिनिव्हाला परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांनीही घातली. १५६२ साली लंडनच्या जॉन डे या मुद्रकाने दीडशेच्या दीडशे स्तोत्रांचे पुस्तक काढले. त्याच्या पुढे शेकडो आवृत्त्या निघाल्या.

छंद बहुतेक ठिकाणी एकच: आठ, सहा, आठ, सहा अशा अक्षरांचे चार चरण, म्हणजे रस्त्यावरच्या पोवाड्यावजा गाण्यांचाच घाट. स्टर्नहोल्ड दुसऱ्या-चौथ्या चरणाचे तेवढे यमक जुळवी, हॉपकिन्स पहिल्या-तिसऱ्याचेही. त्यापायी वाक्ये उलटीपालटी होत, भरीचे शब्द येत. हे दोष खरेच आहेत. पण आपल्याकडे अभंगाची एक चाल बसली की त्या घाटाचा कुठलाही अभंग तिच्यावर म्हणता येतो, तशीच ही सोय होती. मोजक्या चाली पाठ असल्या की जवळजवळ सगळी स्तोत्रसंहिता गाता येई. वाचता न येणाऱ्यांसाठी कोणी एक जण ओळ सांगे आणि मंडळी ती गात. १६४५ साली पार्लमेंटने मंजूर केलेल्या उपासनाविधीतही ही रीत सांगितली आहे. (‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स हे याच काळात इंग्लंडात वाढले. पण ते कॅथलिक. गोव्यात त्यांनी ओवी घेतली ती इथल्या पुराणांकडून.)

या ओबडधोबड पुस्तकाची खरी किंमत त्याच्या पूर्णपणात आहे. दीडशेपैकी एकही स्तोत्र गाळलेले नाही. स्तोत्रसंहितेत स्तुती आहे तसा आक्रोश आहे, शत्रूला दिलेले शाप आहेत. १३७वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या बंदिवानांचे आहे. त्याचा शेवट शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणण्यात होतो. ऐकवत नाही असा तो शेवट. पण घरदार सुटलेल्या माणसाच्या मनात काय येते, ते तिथे न लपवता सांगितले आहे. जिनिव्हातल्या परागंदा इंग्रजांना ते कोणी समजावून सांगायला नको होते.

१६९६ साली नेहम टेट आणि निकोलस ब्रेडी यांची सफाईदार ‘नवी आवृत्ती’ आली. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा शेवट गोड करणारा तो हाच टेट. खरा बदल मात्र आयझॅक वॉट्सने केला. १७१९च्या त्याच्या पुस्तकाने भाषांतराचा दावाच सोडला. दावीद राजाने ख्रिस्ती माणसासारखे बोलावे ही त्याची भूमिका. यहूदी भूमीच्या जागी त्याने बेधडक ब्रिटन घातले. आणि १३७वे स्तोत्र सरळ वगळले.

वॉट्स मोठा कवी होता. त्याचा प्रश्नही खोटा नव्हता: दुसऱ्याचा शाप मी माझी प्रार्थना म्हणून का गावा? पण त्याच्या वाटेने पुढे काय झाले, हे ९०व्या स्तोत्रावरून दिसते. मूळ स्तोत्रात देवाच्या सनातनपणानंतर त्याच्या क्रोधाची वचने येतात. वॉट्सने या स्तोत्राची एकाहून अधिक पदे केली. पैकी पहिल्या पाच वचनांवरचे पद जगभर गेले, सेंट ॲन या चालीवर. इंग्रजांच्या राष्ट्रीय शोकप्रसंगी ते हमखास गायले जाते. क्रोध सहाव्या वचनानंतर सुरू होतो, म्हणजे गाणे त्याच्या अलीकडेच थांबते. स्तोत्राचे गीत झाले ते इथे. पद सुंदर झाले, आणि ज्याला देवाशी भांडायचे आहे त्याच्या तोंडचे शब्द गेले. मला हा सौदा महाग वाटतो.

स्कॉटलंडने तो बराच काळ नाकारला. १६५०ची तिथली वृत्तबद्ध स्तोत्रसंहिता मुळाला इतकी चिकटून आहे की वाक्ये अक्षरशः लंगडतात, पण त्यात काही सुटलेले नाही. लुइस बेटावर गेलिक भाषेत आजही पुढे बसलेला गायक ओळ देतो आणि मंडळी ती संथ लयीत, जो तो आपापली मुरकी घेत, उचलतात. ध्वनिमुद्रण ऐकताना प्रथम गोंधळ वाटतो. मग कळते, चाल एकच आहे, गळे तेवढे निरनिराळे. तिथल्या फ्री चर्चने २०१० साली मतदान घेऊन स्तोत्रांखेरीज इतर गीतांना आणि वाद्यांना परवानगी दिली. ती घ्यायची की नाही हे मात्र एकेका मंडळीवर सोडले.