ओवीतील इंग्रज महाकवी : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’

इंग्रजी महाकाव्याचा विचार विद्यापीठीय अभ्यासक्रमांत प्रामुख्याने मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या (१६६७) अनुषंगाने होतो. तथापि मिल्टन अवघ्या आठ वर्षांचा असताना, १६१६ मध्ये, एका इंग्रज कवीचे महाकाव्य गोव्यातील राशोल येथे छापले गेले होते, आणि तेही मराठीत. हा कवी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले, १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत येथेच राहिले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात विश्वाच्या उत्पत्तीपासूनची ‘जुन्या करारा’तील कथा असून दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे.

आदिमानवाच्या पतनाची कथा दोन्ही कवींनी सांगितली. मात्र त्यांच्या वाटा भिन्न आहेत. मिल्टनने यमकाचे बंधन झुगारले. स्टीफन्स यांनी यमकबद्ध ओवी स्वीकारली. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशास गीतार्थ सांगण्यासाठी वापरलेला हा छंद. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वसलेल्या आळंदीत, त्यांच्या समाधीस्थळी, तो आजही पारायणातून ऐकू येतो. छंदाबरोबर शब्दही आले. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हाच शब्द योजतात. या निवडीमागे श्रोत्याचे भान आहे. पुराणश्रवणाने घडलेल्या कानांना परकी कथा आपल्या लयीत ऐकू यावी, हा तिचा हेतू होय.

तथापि केवळ भाषाप्रेमाच्या गौरवावर समीक्षा थांबल्यास ती अपुरी ठरेल. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. नवख्रिस्ती श्रोत्यांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती. या काव्यातच एक ब्राह्मण श्रोता त्या पुराणांच्या जागी दुसरे काही द्यावे, अशी मागणी करतो. म्हणजे ‘क्रिस्तपुराण’ हिरावलेल्या परंपरेची जागा घेते आणि त्याच वेळी त्या परंपरेचा छंद, शब्दकळा व कथनरीती जतन करते. या अंतर्विरोधातच त्याचे वाङ्मयीन मोल आहे. धर्मसत्तेने ग्रंथ वर्ज्य केले. ओवी मात्र तिला वर्ज्य करता आली नाही. स्टीफन्स यांचे श्रेष्ठत्व मान्य करताना या दोन्ही बाजूंची नोंद घेणे आवश्यक ठरते.