रेल्वे, छायाचित्र आणि प्राचीन नगर : एदुआर बाल्दूसच्या आर्ल-चित्रणाचा पुनर्विचार

प्रास्ताविक :
एकोणिसाव्या शतकात रेल्वे व छायाचित्रण या दोन शोधांनी प्राचीन नगरांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दक्षिण फ्रान्समधील आर्ल या रोमनकालीन नगराच्या संदर्भात एदुआर बाल्दूस (1813-1889) याच्या छायाचित्रांचा विचार करून या बदलाचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन प्रवास, दोन दृष्टी :
1851 मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक स्मारक आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठविले. बाल्दूस त्यांपैकी एक होता. त्या वेळी पॅरिसपासून आर्लपर्यंत सलग रेल्वे नव्हती. जीर्ण वास्तूंची नोंद हे या मोहिमेचे प्रयोजन होते. सें-त्रोफीम मठाच्या ओवरीचे चित्र बाल्दूसने अनेक निगेटिव्ह जोडून सिद्ध केले आणि उणा तपशील हाताने भरला. म्हणजेच ज्याला आपण 'पुरावा' म्हणतो, त्यातही रचना होतीच.

पुढे 1861 च्या सुमारास त्याचा पॅरिस-ल्यों-भूमध्य रेल्वेमार्गावरील चित्रसंग्रह तयार झाला. त्यात पों द्यू गारसारखी रोमन बांधकामे आणि तूलोंचे नवे रेल्वेस्थानक एकाच मालिकेत येतात. स्मारकांची काही चित्रे पूर्वीचीच आहेत. मात्र क्रम बदलताच त्यांचा अर्थ बदलतो. संवर्धनाची नोंद आता प्रवासातील एक मुक्काम ठरते. रोमन स्थापत्याचा वारसा आधुनिक अभियंत्यांकडे आला, असे ही मांडणी सुचविते. हा संग्रह प्राचीन व अर्वाचीन यांचा सुसंवाद आहे, असे मत सामान्यतः मांडले जाते. चित्रांची भव्यता पाहता ते पटतेही.

सुसंवादाची मर्यादा :
तथापि, आर्लचा इतिहास या मताला छेद देतो. नगराबाहेरील आलिसकां ही रोमन काळापासूनची विख्यात दफनभूमी. 1840 च्या दशकाच्या अखेरीस लोहमार्ग आणि रेल्वेचे कारखाने यांसाठी तिचा मोठा भाग नष्ट झाला. ज्या लोहमार्गाने स्मारके प्रवाशांच्या आवाक्यात आणली, त्यानेच एक स्मारक खोदून टाकले. भारतीय उपखंडातही लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या खडीसाठी हडप्पाच्या विटा वापरल्या गेल्या, हे येथे आठवावे. पूल आणि जलवाहिनी शेजारी ठेवणारी मालिका या हानीविषयी काहीच बोलू शकत नाही. तिचा सुसंवाद निवडीतून आलेला आहे.

अर्थात याचा दोष केवळ बाल्दूसला देणे अन्याय्य ठरेल. त्याची चित्रे नसती, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी वास्तूंचे रूप आपल्याला कळलेच नसते. मात्र कृतज्ञतेने चिकित्सा थांबता कामा नये.

समारोप :
आर्लचे रेल्वे कारखाने 1984 मध्ये बंद झाले. 1970 मध्ये सुरू झालेल्या तेथील छायाचित्र महोत्सवाची प्रदर्शने पुढे त्याच इमारतींत भरू लागली. म्हणजे दफनभूमी उकरून उभी राहिलेली जागा छायाचित्रांचे घर झाली. उरलेल्या आलिसकांसह आर्लच्या स्मारकांना 1981 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा लाभला होता. वारशाचे छायाचित्र वर्गात दाखविताना आपण साधारणतः वास्तूचा काळ आणि शैली सांगतो. छायाचित्रकार तेथवर कोणत्या मार्गाने पोहोचला आणि त्या मार्गाखाली काय गाडले गेले, हेही विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविले पाहिजे.