मान कशी मोडली, हे एक्स-रे खरंच सांगतो का?

मानेच्या मणक्यांवर काही वाचायला घेतलं की १९८२ चा अ‍ॅलन-फर्ग्युसन यांचा पेपर आडवा येतोच. १६५ रुग्णांचे एक्स-रे बघून त्यांनी मानेच्या खालच्या भागातल्या, म्हणजे सी ३ ते सी ७ मधल्या, दुखापतींचे सहा गट पाडले. गटाचं नाव जोराच्या दिशेवरून: मान पुढे वाकून दाबली गेली, पुढे वाकून ताणली गेली, सरळ वरून दाबली गेली, मागे झुकून दाबली किंवा ताणली गेली, बाजूला कलली. प्रत्येक गटात पायऱ्या. ‘पुढे वाकून ताण’ या गटात आधी मागची लिगामेंट फाटतात, मग एका बाजूचा फॅसेट सांधा निखळतो, मग दोन्ही, आणि शेवटी वरचा मणका पूर्णच पुढे सरकतो.

वाचायला फार पटतं. पण तो जोर पाहिला कोणी? एक्स-रेवरून जोर ओळखायचा आणि त्याच जोरानं एक्स-रे समजावायचा, हे गोल गोल फिरणं झालं.

आपल्या जिल्ह्यातलंच घ्या. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या विहिरीत पोरगं सूर मारतं, टाळू तळावर आपटते. हनुवटी छातीकडे असेल तर एक गट, मान सरळ असेल तर दुसरा. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्याचंही तेच. केसपेपरवर मात्र दोघांसाठी ‘उंचावरून पडून’ एवढंच!

त्याहून मोठी अडचण प्रयोगशाळेतून आली. १९९६ मध्ये नाइटिंगेल आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या मानांवर आघात करून पाहिलं. डोकं नजरेत भरेल इतकं हलण्याआधीच मणके मोडले होते, आणि मान मध्येच बाक घेत असल्यामुळे डोकं एकीकडे वळलं तरी मणक्यावरचा जोर वेगळाच निघाला. म्हणजे साक्षीदारानं ‘मान पुढे गेली’ सांगितलं, तरी त्यावरून गट ठरत नाही.

२००७ च्या ‘स्लिक’ पद्धतीनं हा वादच सोडून दिला. मोडीचा आकार, चकती-लिगामेंटची अवस्था, मज्जारज्जूची अवस्था, यांना गुण द्यायचे. तीनपर्यंत शस्त्रक्रिया नको, पाच किंवा जास्त असेल तर करा, चार असेल तर सर्जनची मर्जी. उपचार ठरवायला हेच बरं, यात मला शंका नाही. फक्त लिगामेंटचा प्रश्न नीट सोडवायला एमआरआय लागतो. लोणीला किंवा नगरला तो होईल, पण रुग्ण आधी पोचतो तो जवळच्या लहान दवाखान्यात, जिथे हातात असतो साधा एक्स-रे.

तिथे जुना पेपर अजून कामाचा वाटतो. पहिल्या पायरीत हाड शाबूत आणि लिगामेंट फाटलेलं असू शकतं, झोपवून काढलेली फिल्म जवळपास ठीक दिसते, हे तो बजावतो. फिल्ममध्ये सी ७ च्या खालचा सांधा आलाच नसेल तर ‘नॉर्मल’ लिहायचं नाही, कॉलर काढायची नाही, आणि तशीच मान धरून पुढे पाठवायचं.

केसपेपरवर जोराचा अंदाज लिहू नका, असं मी म्हणेन. जखम कपाळावर, टाळूवर की डोक्याच्या मागे, एवढं लिहा. ते निदान कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.